थोरल्या घोडीचा पुढचा पाय

प्रिय चिमे,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकली असशील. दर रविवारी तुझा फोन आईला येतो, तेव्हा मी समोर पेपर धरून बसतो. सहा वर्षं त्या पेपरात वाचण्यासारखं एवढं काय होतं, देव जाणे. भांडण मी काढलं होतं, मिटवायचंही मलाच होतं, पण तुझ्या बापाचं नाक किती वर असतं ते तुला ठाऊक आहे. म्हणून आधी बातमी सांगतो.

परवा इथल्या मैदानावर मेळा होता. आईला रोपं घ्यायची होती, मी पिशवी धरायला गेलो. रोपांपर्यंत पोचलोच नाही. मैदानाच्या टोकाला दोर बांधून आत चार घोडे उभे केले होते. ओंडके ओढणारे, चांगले दणकट. चाळीस वर्षं नालबंदी केली, पण हल्ली माझ्याकडे येतात ती रपेटीची सडपातळ जनावरं. यांच्या पाठीपर्यंत माझी टोपीही पोचेना. लोक लांबूनच फोटो काढत होते. मी सरळ दोराखालून आत शिरलो. त्यांतल्या थोरल्या घोडीने माझ्या खिशात नाक खुपसलं, रुमाल बाहेर काढला, चावून पाहिला आणि टाकून दिला. मी तिच्या मानेला गाल लावून उभा राहिलो. उन्हात तापलेलं चामडं, घाम, वाळलेलं गवत, सगळा ओळखीचा वास. आई रोपं घेऊन आली आणि म्हणाली, लग्नातसुद्धा तुमचा चेहरा एवढा फुलला नव्हता.

मग सवयीने हात घोडीच्या पायावरून खाली गेला. तिने पुढचा उजवा पाय आपणहून उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. माझी कंबर बोलायला लागली, पण सोडतो कसला. जेवणाच्या ताटाएवढा नाल. खिळ्यांची टोकं अशी वळवलेली, की वरून बोट फिरवलं तर कुठे अडत नाही. खुराच्या खालच्या भागात एका जुन्या भेगेची खूण होती आणि तिच्या वर, थेट केसांपर्यंत, नवा अखंड खूर उतरलेला. भेगेखालचा काठ तासून नालापासून मोकळा ठेवला होता, कागद सरकेल एवढा.

असा मोकळा काठ ठेवणारा हात मी आयुष्यात एकच पाहिला होता, तुझा. गाडीवान शेजारीच होता, बोलका माणूस. म्हणाला, "गेल्या साली तिघांनी हात टेकले होते. मग आमच्याकडची नालबंद बाई आली. दिसायला एवढीशी, पण ही घोडी दुसऱ्या कुणाला एवढी वश नाही." मी म्हटलं, ती माझी मुलगी. त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "तरीच. कुठे शिकलीस विचारलं, तर बाबांकडे म्हणते."

चिमे, त्यानंतर मी काय केलं ते आई तुला तिखटमीठ लावून सांगेलच. मी लोकांना हाका मारून तो खूर दाखवला. रोपंवालीला दुकान सोडून यायला लावलं. एका गृहस्थांना त्या खिळ्यांवरून बोट फिरवायला लावलं, ते बिचारे आइस्क्रीम खात होते. छाती अशी फुगली होती, की शर्टाच्या गुंड्यांची काळजी वाटावी. पण घरी आलो आणि वाढलेलं ताट बाजूला सारलं. ही रीत मी तुला कधी शिकवली? मी भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे मारून ती आवळायला शिकवलं. सहा वर्षांपूर्वी तू असाच मोकळा काठ ठेवलास, तेव्हा गिऱ्हाइकासमोर तो नाल मी पकडीने उपटला आणि म्हणालो, कालची पोर मला शिकवणार. तू एप्रन खुंटीला लावलास आणि गेलीस. आणि तरी तू लोकांना माझंच नाव सांगतेस. मी चुकलो होतो, चिमे. तेव्हाच चुकलो होतो.

आता पत्राचं कारण. रपेटीच्या शाळेतल्या तांबड्या घोड्याच्या खुराला तशीच भेग पडली आहे. मी तीनदा आवळली, तीनदा उघडली. मालक त्याला काढून टाकायचं म्हणतो. मी त्याला सोमवारपर्यंत थांबवलंय आणि सांगितलंय, की हे काम मला येत नाही, माझ्या मुलीला येतं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला असं बोललो, आणि बोलताना ताठ उभा होतो. तुझी हरकत नसेल तर सोमवारी घोडा घेऊन मी आणि मालक तुझ्या दारात येतो. पाय मी धरीन, कानस तू चालव. आणि मालक समोर उभा असेल, तेव्हा त्याच्यादेखत मला तुला विचारू दे, की हे असं का करायचं.

तुझाच म्हातारा शिकाऊ उमेदवार,
बाबा