एक माणूस कमी आहे

५ मे, रविवार

पोचले एकदाची जयपूरला! नांदेडहून निघताना आई सारखी म्हणत होती की नोकरीसाठी इतक्या लांब कशाला. आता तिला ही खोली दाखवायला हवी. मालवीय नगरात, बाजारापासून जरा आत, गल्लीच्या टोकाला दुमजली घर. वरची खोली माझी. खिडकीत कूलर, बाहेर फाटकाशी कडुनिंब, आणि टेबल चांगलं ऐसपैस. घरमालक बळवंतकाका रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळकडचे. सुलोचनाकाकूंना मराठीच मुलगी हवी होती, म्हणून खोली बरेच दिवस रिकामी ठेवली होती म्हणे. आल्याआल्या शेवभाजी-भाकरी वाढली. इतकी झणझणीत की माझं नाक वाहायला लागलं आणि काकू तोंडाला पदर लावून हसल्या. काका फारसं बोलत नाहीत, पण माझी बॅग त्यांनीच वर आणली.

९ मे, गुरुवार

काम आवडलं. आमच्या छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर गेममध्ये मॉड बसवून देतं. मॉड म्हणजे विकत घेतलेल्या गेममध्ये लोकांनी घातलेली पदरची भर. कुणी आपल्या गावचं स्टेशन करतं, कुणी आपली गाडी, कुणी गुंडाला मामाचा चेहरा लावतं. बसवताना कुठे अडलं की लोक आम्हाला लिहितात आणि मी वाट काढून देते. बहुतेक वेळा अँटीव्हायरसने एखादी फाइल उचलून बाजूला टाकलेली असते. शेजारी बसणारे नीरजजी म्हणाले, अनुश्री, चिडलेल्या माणसाला आधी कॉम्प्युटर बंद करून परत चालू करायला सांगायचं. निम्मे तिथेच गार होतात.

घरी येऊन काकूंना हे सांगितलं तर त्या लाटणं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, कौशिकपण हेच करायचा. कौशिक त्यांचा एकुलता एक मुलगा. हॉलमध्ये बुद्धाच्या तसबिरीखाली फोटो आहे तो त्याचाच. मागच्या वर्षी गोपालपुरा बायपासवर मोटरसायकलवरून पडला, दवाखान्यात पोचलाच नाही. माझ्या खोलीला लागून बंद खोली आहे ती त्याची. एका गेममध्ये त्याने हेच घर केलं होतं, आईबाबांसकट, स्वतःसकट. मधे कुणीतरी कॉम्प्युटर दुरुस्त केला तेव्हापासून ते उघडत नाही. काकूंनी विचारलं, बघशील का. काका ताटावरून उठून गेले.

१२ मे, रविवार

दुपारभर कौशिकच्या खोलीत बसले होते. बाहेर लूचा गरम वारा वाहत होता, गल्लीत चिटपाखरू नाही. पहिली अडचण नेहमीचीच, अँटीव्हायरसची. ती सोडवली. मग लक्षात आलं की फोल्डरचं नाव देवनागरीत आहे, ‘घर’. आमच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावं वाचता येत नाहीत, म्हणून इंग्रजी अक्षरांत केलं. अर्ध्याच्या पुढे गेलं आणि थांबलं. फाइल दुसरीकडे वापरात आहे, ती बंद करा, म्हणे. दुसरं काहीच उघडं नव्हतं. बंद करून चालू केलं. पुन्हा तेच. काकू दारात स्टूल टाकून बसल्या होत्या. एवढी आशा लावून कुणी बघत बसलं की माझे हात चुकायला लागतात.

१५ मे, बुधवार

नीरजजींनी सांगितलं तसं सगळं नव्या फोल्डरमध्ये टाकलं. आता वेगळीच चूक येते, तीही मराठीत: ‘घरात जागा खाली नाही आहे.’ डिस्क निम्मी रिकामी आहे. कौशिकने स्वतःच लिहून ठेवलेल्या सूचना असाव्यात. काकूंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. म्हणाल्या, तो असंच बोलायचा, मतलब शाळा हिंदीची ना. दारातून आत येताना ‘आई, मी आला’ म्हणायचा, आणि त्याही कधी दुरुस्त करायच्या नाहीत.

मला मात्र झोप नीट लागत नाही. ऑफिसात दुसऱ्यांचे प्रश्न सोडवताना डोक्यात हेच. जेवताना पाय हलत राहतात.

१९ मे, रविवार

बसलं! निदान मला तसं वाटतंय.

आज सूचना आली: ‘एक माणूस कमी आहे.’ माणसांचं फोल्डर उघडलं. आई होती, बाबा होते. कौशिकची फाइल खराब झालेली, उघडेना. ऑफिसात आम्ही अशा वेळी तपासणीपुरती कुठलीही फाइल त्या जागी घालतो. मी माझा फोटो घातला, दोन ओळी वाचून आवाज घातला. एका दमात सगळं पूर्ण झालं.

पडद्यावर हेच घर, दुपारचं ऊन, गल्ली फक्त कडुनिंबापर्यंत केलेली, त्यापुढे कोरं. खाली काकू पोळ्या करतायत, काका पेपर वाचतायत. वरच्या खोलीत टेबलाशी मी. काकूंनी पडद्यावर हात ठेवला आणि रडल्या. त्यांना कौशिक दाखवता आला नाही म्हणून मी माफी मागत होते, तेवढ्यात खालून, आमच्या खऱ्या स्वयंपाकघरातून, आवाज आला.

“आई, मी आला.”

स्पीकर जोडलेला नव्हता.

काकू धावत खाली गेल्या. मी बसूनच राहिले.

२१ मे, मंगळवार

ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने चेहरा ओळखला नाही. फोनही चेहऱ्याने उघडेना. नीरजजी माझ्या खुर्चीत पिशवी ठेवून बसले होते. तीनदा हाक मारली तेव्हा त्यांनी दचकून वर बघितलं. परत येताना एकही ऑटो थांबली नाही.

घरी एक ताट जास्त मांडलेलं. काका भिंतीकडे तोंड करून जेवत होते. शेजारच्या खुर्चीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी पाहिलं, खुर्ची रिकामी होती. पण त्या ताटातली भाकरी अर्धी संपलेली होती.

२२ मे, बुधवार

कामावर गेले नाही. मॉड काढून टाकायला बसले. येत नाही. ‘माणूस काढता येणार नाही. वापरात आहे.’ माझी फाइल पुसली, ती परत येते. आकाराने मोठी होऊन येते. काल नव्हत्या अशा गोष्टी तिच्यात आहेत — माझ्या हनुवटीवरची खूण, आईची मला हाक मारायची पद्धत. हे मी कुठे दिलं होतं?

काकूंना सांगितलं. त्या हसतमुख, ऐकतच नव्हत्या. माझ्या खांद्यावरून मागे बघत म्हणाल्या, चहा घेतोस का रे.

२३ मे, गुरुवार

दुपारी काका वर आले. दार लावून घेतलं. म्हणाले, मी चाळीस वर्षं आवाजावरून इंजिन ओळखलं आहे, माझ्या पोराचा आवाज मला कळतो, आणि हा आवाज त्याचा नाही. त्याच्याआड कुणीतरी बोलतं आहे. सुलोचनाला समजावणं माझ्याच्याने होत नाही.

“तू उद्या सकाळी जा, पोरी. मला सांगायलासुद्धा थांबू नकोस. तू गेलीस की मी ती मशीन फोडतो.”

बॅग भरली. आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी बोलत होते. तिला ऐकूच येत नव्हतं.

२४ मे, शुक्रवार

उजाडताच निघाले. काकांना सांगितलं नाही, त्यांनीच तसं म्हटलं होतं. जिना उतरले, फाटक उघडलं, कडुनिंबाखालून पुढे —

पुढे काही नाही. रस्ता नाही, गाड्या नाहीत. कोरं. पाय टाकला तर पुन्हा जिन्याच्या पहिल्या पायरीवर.

परत गेले. परत तेच. बॅग कुठेतरी पडली. ही वही आणि पेन तेवढं हातात.

ऊन दुपारचं आहे. मी तर सकाळी निघाले होते.

तारीख कळत नाही

ऊन हलत नाही. कूलर फिरतो, वारा लागत नाही. खाली काकू पोळ्या करतायत, तीच पोळी, परत तीच. हाक मारली. मान वर करत नाहीत. या काकू नव्हेत.

मी कुठे आहे ते मला कळलं आहे. लिहवत नाही —

भिंतीपलीकडून आवाज येतात. कौशिकच्या खोलीचे. लांबून, पाण्यातून आल्यासारखे. ते खरे आहेत. काका काकूंना विचारत होते की अनुश्री दिसत नाही, गेली का. उत्तर त्याने दिलं —

“सकाळीच गेली, बाबा. मी पाहिला.”

काका म्हणाले, बरं झालं. सुटली बिचारी.

नंतर

पेटी उघडल्याचा आवाज. लोखंडाचा. काका हातोडी शोधतायत. तो त्यांना म्हणतोय, फोडून टाका बाबा, आता काय काम त्याचं. किती प्रेमाने म्हणतोय.

मी भिंतीवर हात आपटतेय. आवाज होत नाही. काका, मी गेले नाही, मी इथेच —

काकूंचा आवाज. खऱ्या काकूंचा. म्हणतायत, अहो थांबा जरा, वरच्या खोलीत ती पोरगी दिसतेय बघा, काहीतरी लिहितेय. रडतेय वाटतं.

काका म्हणाले, ते चित्र आहे, सुलोचना. बाजूला हो.

काकू, नीट बघा. मी चित्र ना