मोहित्यांची शिंक

ती. सासूबाईंना,
देवासहून वेदिकाच्या आईचा नमस्कार.

परवा धारला होमाच्या धुरात वेदिकाला धाप लागली आणि मी तिला उचलून बाहेर नेलं. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हा दमा हिच्या माहेरचा."

डॉक्टर म्हणतात, साध्या धुळीलाही शत्रू समजून लढायची शरीराची खोड जनुकांतून येते, दोन्ही घरांतून येऊ शकते. त्याच खोडीपायी कुणाला शिंका येतात, कुणाला दमा होतो. तुमच्याकडे गादी झटकली की सासऱ्यांपासून वन्संपर्यंत सगळे शिंकत सुटतात. त्याला तुम्हीच कौतुकानं ‘मोहित्यांची शिंक’ म्हणता. शिंक मिरवता, तर दमाही पदरात घ्या.

वेदिका श्वासाचा पंप चारचौघांत घेईल. धुरात मात्र बसणार नाही.

हे पत्र टाकत नाहीये. रविवारी धारला येऊन तुमच्यासमोरच बोलणार आहे, सगळ्यांदेखत.

तुमची सून,
अल्पना