बेट सहा, गाव शून्य

१ तारीख, सकाळी ११
बेटावर पोहोचलो. होडीत उलटी झाली नाही. म्हणजे एकदाच झाली.

आमच्या ऐतिहासिक गावात एकोणीस वर्षं पर्यटकांना किल्ला दाखवला. आता पुरे. बायको म्हणाली, आधी महिनाभर एकटे राहून बघा, मग बिऱ्हाड हलवायचं का ते ठरवू. तोवर टूर ती घेणार. बिचारीचं कसं निभणार कुणास ठाऊक. सनावळ्यांचे चौदा कागद देऊन आलोय.

संकल्प: वहीत दोन रकाने, गाव आणि बेट. अगदी निःपक्षपाती तुलना.

१ तारीख, सकाळी ११.२०
शांतता, हवा, समुद्र, हॉर्न नाहीत, पर्यटक नाहीत, खिडकी बदलायला पुरातत्त्व खात्याची परवानगी नको. बेट सहा, गाव शून्य.

४ तारीख
होडी आठवड्यातून दोनदा. ती आली की सगळं बेट धक्क्यावर. सामान कुणाचंही असो, जो तो उचलून ज्याच्या त्याच्या घरी पोहोचवतो. मास्तर, नर्सबाई, सगळे. फार हृद्य दृश्य. मी कठड्यावर बसून टिपणं काढली. घरमालकीण काकूंनी विचारलं, तुमची पाठ दुखते का? म्हटलं, छे, ठणठणीत आहे. किती काळजी करतात. बेट ७.

८ तारीख
रेंज फक्त टेकडीवर. बायकोला फोन. तीन तासांची टूर पाऊण तासात उरकते म्हणाली. सनावळ्या गाळल्या. राणी सासूवर का रुसली होती ते सांगते, लोक खूश. मी विचारलं, याला पुरावा काय? फोन कट झाला. रेंज फुल होती, पण बेटाचं काही सांगता येत नाही.

१२ तारीख
शाळेत माझं व्याख्यान, ‘वारसा आणि आपण’. हजेरी: काकू आणि एक कुत्रं. मध्येच होडी आली, दोघंही गेली. व्याख्यान पूर्ण केलं. शिस्त म्हणजे शिस्त.

१५ तारीख
माझा सिलिंडर होडीनं आला, पण धक्क्यावरच पडून. बाकी सगळ्यांचं घरपोच. दोन दिवस बिस्किटांवर काढले. शेवटी काकू म्हणाल्या, जो उचलत नाही त्याचं इथं कुणी उचलत नाही, तरी पंधरा दिवस वाट पाहिली आम्ही. इतकं तोंडावर बोलायची गरज नव्हती. बेट ४.

१८ तारीख
संकल्प: पुढच्या होडीला सगळ्यात जड पोतं माझं.

१९ तारीख
उचललं. चार पावलं गेलो, कमरेत उसण भरली. चौघांनी मला उचलून घरी आणलं. काकू म्हणाल्या, एवढं जड सामान बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. प्रेमळ माणसं. बेट ९.

२४ तारीख
अंथरुणातच. टेकडी चढणं अशक्य. नर्सबाईंनी बायकोचा निरोप आणला: आवडलं असेल तर खुशाल राहा, माझी काळजी नको, पुढचा महिना टूर फुल आहे.
परवानगी मिळाली. नर्सबाईंना परतीच्या होडीचे वार विचारले. नुसती माहिती असावी म्हणून.

३० तारीख
परत आलो. घराला कुलूप. तसाच किल्ल्यावर गेलो. ज्या बुरुजाशी माझे पर्यटक जांभया द्यायचे, तिथं तीस जण पोट धरून हसत होते. सन तर चुकीचा सांगितला तिनं. मी हात वर केला. ती म्हणाली, मागचे काका, ती पाण्याच्या बाटल्यांची पिशवी जरा घेता का?

घेतली.

संध्याकाळी विचारलं, मग राहायचं कुठं ठरलं? म्हणाली, मी इथंच. तुमचं तुम्ही बघा. पण उद्या नऊला टूर आहे आणि पिशवी जड असते.

गाव १.