खडूचा त्रिकोण आणि मिटलेला डोळा

प्रिय ताई,

धाकट्या शिंपी भावाचा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? मी खुशाल आहे (इंटरनेटवर बदनाम झालेला माणूस असतो तेवढा). एकवीस दिवस झाले, तुझा फोन नाही. त्याआधी फॅमिली ग्रुपवर तू माझाच फोटो टाकलास, खाली 'अशा माणसांपासून सावध राहा', आणि शेवटी हात जोडल्याची खूण. सख्ख्या भावापासून लोकांना सावध करायचं तर निदान हात तरी जोडायचे नव्हतेस.

झालं काय ते सांगतो. बँकेतल्या एका कारकुनाचा कोट माझ्याकडे होता. तो तिसऱ्यांदा न्यायला आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या, हातात खडू, एक डोळा मिटलेला. त्याने फोटो काढून इंटरनेटवर टाकला आणि वर लिहिलं, 'शुक्रवारी नक्की'. लोक हसले. मीही हसलो (गिऱ्हाईक हसतंय तोवर कोट मागत नाही, हा धंद्यातला अनुभव). मग तो फोटो अभ्यासू मंडळींच्या हाती लागला. शिंप्याचा खडू तीन कोनांचा असतो, हे तुला बाबांच्या दुकानापासून ठाऊक आहे. त्यांना मात्र त्रिकोण आणि एकच उघडा डोळा दिसल्याबरोबर जगावर छुपं राज्य करणारी टोळीच सापडली (तिची खूण म्हणे त्रिकोणातला एक डोळा). गळ्यातली टेप म्हणजे साप. तोंडातल्या सात टाचण्या म्हणजे सात राजधान्या (मी तोंडातून सहाच काढल्या होत्या, सातवी गिळली की काय या धास्तीने दोन दिवस जेवण गेलं नाही). आणि शुक्रवारी जगाची उलथापालथ होणार. कुठल्या शुक्रवारी ते कळेना. माझ्या गिऱ्हाइकांनाही ते वर्षानुवर्षं कळलेलं नाही.

मग आलेल्या पहिल्याच शुक्रवारी दुकानासमोर तीसेक माणसं जमली. एकाने मोबाइल पुढे करून विचारलं, 'तुम्ही त्यांच्यातलेच ना?' टाचण्या तोंडात असताना शिंपी बोलत नाही, मान हलवतो. मी हलवली, ती मापाला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासाठी, हात खाली करा म्हणून. त्याने केले, आणि बाहेर एकच ओरडा झाला, की बघा, याच्या इशाऱ्यावर माणसं चालतात! ताई, चालत असती तर ती तीस माणसं घरी गेली नसती का? तोच व्हिडिओ बघून तू म्हणे भाऊजींना म्हणालीस, 'हा लहानपणापासून काहीतरी लपवतोच.' (लपवायचो, कबूल. पण ती बिस्किटं होती.)

डोळ्याचं म्हणशील, तर सुई ओवताना सगळेच शिंपी एक डोळा मिटतात. बाबाही मिटायचे. त्यात गूढ काही नाही. तेव्हा राग सोड आणि फोन कर. तुझ्याशी बोलल्याशिवाय रविवार सरत नाही, हे सरळच लिहितो.

तुझा,
जगावर राज्य करणारा (आणि दुकानाचं शटर एकट्याने उचलू न शकणारा)
धाकटा

ता. क. सुईचं वर लिहिलं ते खोटं. फोटोत माझ्या हातात खडू आहे, सुई नाहीच. एवढ्या अभ्यासकांत एकाच्याही हे लक्षात आलं नाही. डावा डोळा उघडा ठेवला की मला कापडावर एकाच्या दोन रेघा दिसतात. मोतीबिंदू आहे. येत्या सोमवारी सकाळी ऑपरेशन.

आणखी ता. क. डॉक्टर म्हणतात, सोबत घरचं माणूस हवं. माझं घरचं माणूस म्हणजे तूच. मला भीती वाटते, ताई. ये. नंतर डोळ्यावर पट्टी बांधतील, तेवढा फोटो मात्र ग्रुपवर टाकू नकोस.