धाकटे मालक

७ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. ओसाकाहून निघताना थोरला भाऊ म्हणाला, कॉलेज तर सोडलंसच, आता निदान डोकं तरी बरोबर ने. नाही नेलं. नेलं असतं तर मियोसाठी या यामागाताच्या डोंगरात आलोच नसतो.

मियोच्या आईचं र्योकान, गरम झऱ्याकाठचं हे उतारूघर, फोटोपेक्षा जुनं आणि फोटोपेक्षा देखणं आहे. अंगणातच गंधकाचा वास, छपरावर बर्फाची जाड गादी. बेत साधा होता. खोटं नाव सांगून गिऱ्हाईक म्हणून राहायचं, गरम कुंडात डुंबायचं, पोटभर खायचं, आणि मियो दिसली की विचारायचं, डिसेंबरपासून फोन का उचलत नाहीस? माझ्या शेवटच्या निरोपालाही उत्तर नाही. रागाच्या भरात लिहिलं होतं, तू नाहीस तर मला मेल्यातच जमा धर.

पण बूट काढतोय तोच तात्से नावाची म्हातारी मोलकरीण गुडघ्यांवर बसली आणि म्हणाली, या, धाकटे मालक.

असं घरच्या मुलाला म्हणतात, नाहीतर घरजावयाला. म्हणजे मियोने घरी सांगितलंय, फोटोही दाखवलाय. मी इतका खूश झालो की खोटं नाव सांगायचं विसरूनच गेलो.

जेवायला अरवी-गोमांसाचा रस्सा, मिठात भाजलेला नदीतला मासा, तांदळाची ऊन ऊन साके. सासुरवाडी असावी तर अशी.

८ फेब्रुवारी

सकाळी उघड्यावरच्या कुंडात बसलो. डोक्यावर बर्फ पडतंय आणि अंग उकळतंय. तात्से टॉवेल ठेवायला आली तेव्हा म्हणाली, धाकटे मालक, फार शिजू नका, आमच्या ताईंना कच्चाच नवरा आवडतो. मी हसून पाण्यात बुडालो.

ताई आहेत कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही. मियोची आई इसुझु-सान म्हणते, घरातच आहे, तिची तिची येईल. बोलताना माझ्याकडे बघते ती नवं कापड पारखावं तशी.

कुंडातून आल्यावर तात्सेने मला युकाता, तो सुती झगा, नेसवला आणि उजवा पदर वर घेतला. उजवा वर तर प्रेताचा असतो. मी सोडून डावा वर घेतला आणि म्हणालो, आजी, चष्मा बदला. ती हसली नाही. म्हणाली, होईल सवय.

९ फेब्रुवारी

काहीतरी शिजतंय इथे.

जेवणाची दोन ताटं मांडली. समोर कोणी नाही. माझ्या वाडग्यात भात घुमटासारखा दाबून रचलेला. आणखी मागितला तर तात्से म्हणते, तुम्हाला एकदाच, दुसऱ्यांदा वाढत नाहीत. अरे, असा एक वाडगा मढ्याच्या उशाशी ठेवतात. उशीही उत्तरेला लावली होती. मी फिरवली. कुंडातून येईतो पुन्हा उत्तरेला.

मला घाबरवून पळवायचंय यांना. मियोचं दुसरीकडे जमवलं असणार. मी ओसरीत उभा राहून तिच्या नावाने ओरडलो. एकही दार उघडलं नाही.

कुंडावर सेंदाईचं एक म्हातारं जोडपं होतं. मी वाकून नमस्कार केला. म्हातारीने नवऱ्याला विचारलं, वारा आला का हो?

१० फेब्रुवारी

बस बंद, बर्फामुळे. टेकडीवरच्या देवळात गेलो. तिथे भिंतभर लग्नाची चित्रं. ते सेंदाईचं जोडपं बघत होतं, भिक्षू सांगत होता. मी त्यांच्या मागेच उभा होतो.

लग्नाआधी गेलेल्या पोरांची लग्नं ही, आईबाप लावून देतात. जोडीदार चित्रकाराने मनाने काढायचा. जिवंत माणसाचा चेहरा काढायचा नाही, नाव लिहायचं नाही. ते माणूस मेलेल्याकडे ओढलं जातं.

शेवटचं चित्र नवं होतं. रंगाचा वास येत होता. पांढऱ्या पोशाखात मियो. तिच्याशेजारी मी. भुवईवरच्या व्रणासकट. खाली माझं नाव, तोमोया कुरिहारा.

म्हातारीने विचारलं, हा पोरगाही गेला का हो?

भिक्षू म्हणाला, गेला म्हणे. मुलीच्या आईनेच सांगितलं.

११ फेब्रुवारी

इसुझु-सानला गाठलं. ओरडलो, चहाचं ताट भिरकावलं. ती तुकडे वेचत राहिली. म्हणाली, डिसेंबरात घाटात तिची गाडी घसरली. तुझा निरोप तिने पाहिलाच नाही, तो मी वाचला. मेल्यातच जमा धर, असं तूच लिहिलंस. मी धरलं.

मी म्हणालो, अहो, ते बोलायची पद्धत असते.

म्हणाली, आमच्यात नसते. माझी पोर तिकडे एकटी आहे, जावईबापू.

पायी निघालो. बर्फात बूट रुतून राहिले. अनवाणी चाललो. पाय गार पडले नाहीत. वाट वळली आणि समोर — तेच अंगण. तात्से बर्फ झाडत होती. तिच्या तोंडातून वाफ. माझ्या —

१२ फेब्रुवारी

कुंडाचं पाणी ऊन लागत नाही.

भावाला फोन लावला. उचलला. हॅलो, हॅलो, कोण आहे — मी बोलत होतो. ठेवला त्याने.

देवळात जायचं, चित्र जाळायचं. आजच. उजेड आहे तोवर —

संध्याकाळ

दोन ताटं. समोरच्या वाडग्यातला भात कमी झालाय.

ओसरीत पावलं. ओळखतो मी. डावा पाय किंचित ओढत चालते ती —

तात्से दाराबाहेर म्हणाली, ताई, धाकटे मालक तयार आहेत.

नाही. तयार नाही. मी जिवंत आहे, माझा पदर डावा —

उजवा वर आहे. कोणी नेसवला नाही. सकाळी मीच, न बघता, माझ्याच हाताने —

दार सरकतंय. मियो, आधी एक सांग, तू मला बोलावलं होतंस, की तुझ्या आ