लाल झाकणाची कुपी

६ जानेवारी
कुपीतलं द्रव्य पेशींना दिलं, तर चाचणीचं पाणी पुन्हा गडद गुलाबी. शुक्रवारी फिकट होतं. पेशी त्याच, मात्रा तीच, कुपी तीच. मग रंग वेगळा कसा?

७ जानेवारी
मागच्या नोंदी काढल्या. कुपी मी आणली, रंग फिकट. वत्सलाबाईंनी आणली, गडद. नऊपैकी नऊ वेळा.
फ्रीज खाली, रसायनशास्त्र विभागात. वीज गेली तर इन्व्हर्टर तिथेच आहे, म्हणून. किल्ली शिपाई म्हणून वत्सलाबाईंकडे. कुपीत कोणी बोट जरी बुडवलं तरी बाहेरचे जिवाणू आत जातील, पेशी जास्त चवताळतील आणि रंग गडद होईल.
त्या कुपी उघडतात. दुसरं काय?

९ जानेवारी
झाकण आणि काच यांवरून पेनाने एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. झाकण फिरलं तर तुटेल अशी.
आज कुपी देताना वत्सलाबाई म्हणाल्या, "ताई, एवढ्याशा बाटलीत हाय तरी काय?"
"जिवाणूची भिंत. धुऊन शुद्ध केलेली. आत जिवाणू नाही. पण पेशींना वाटतं, तोच आला."
"म्हंजी घरात कुणी न्हाई अन् निस्त्या भिंतीला भेत्यात व्हय?"
बराच वेळ हसत होत्या. जरा जास्तच.
रेघ जुळलेली होती. म्हणजे त्यांनी ती पाहिली आणि झाकण नीट जुळवून बसवलं.

१० जानेवारी
जिन्यावरून पाहिलं. कुपी घेऊन वर येत होत्या. पदराखाली हात हलत होता. मला पाहिलं — हात थांबला.

११ जानेवारी
रंग गडद. माझ्या मार्गदर्शक सरांना सांगितलं.
"कंत्राटी बाई आहे. कंत्राटदाराला सोमवारपासून नको म्हणतो."
मी म्हणाले, माझं नाव घेऊ नका. मार्चमध्ये प्रबंध द्यायचा आहे.

१५ जानेवारी
सरांनी नवी कुपी दिली होती. फ्रीजची दुसरी किल्ली सरांकडून घेतली. मीच आणली, मीच उघडली. फिकट.
म्हणजे फिकट हेच खरं. बरं वाटलं.

१६ जानेवारी
वत्सलाबाई त्यांच्याकडची किल्ली द्यायला आल्या. उद्या केजहून, हंगामात उशिरा जाणाऱ्या ऊसतोडीच्या टोळीबरोबर निघणार. या नोकरीमुळे चार वर्षं जावं लागलं नव्हतं. मुलगी दहावीला. तिलाही नेणार. एकटीला घरी कुठं ठेवायचं, म्हणाल्या.
"सरांनी का म्हून काढलं ओ? तुमाला काही बोलले?"
"नाही."
दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.
"बाटली तेवढी हलवून घेत जा, ताई. मी जिन्यानं हलवीतच आणायची. पोरीचं औषध बी हलवल्याबिगर देत न्हाई मी. बसून ऱ्हातंय सगळं."
बसण्यासारखं काही नाही त्यात. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं. तरी मान डोलावली.
त्या गेल्यावर कुपीच्या खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी काढली. पहिल्यांदाच. तिसरी ओळ: द्रव्य काचेला चिकटते, वापरण्याआधी जोरात हलवावे.
हलवून पेशींना दिलं.

१७ जानेवारी
गडद गुलाबी.
टोळी केजहून पहाटेच गेली.