दादा, तो गॅस नव्हता

प्रिय दादा,

तू गेल्यापासून तुला एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. पण मध्यंतरी तुझं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि तेव्हापासून मला भीती वाटते. ती तुला सोडून कुणाला सांगू?

संध्याकाळी कंपनीतून येऊन मी तुमच्या खोलीत टेकलो होतो. वहिनी आत चहा ठेवत होती. एकदम छाती आवळल्यासारखी झाली. मी उठलो, खिडकी लावली, कडी घातली आणि म्हणालो, "गॅस सोडला वाटतं." आवाज तुझा होता, दादा. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

आपल्या सालवडमध्ये हा शब्द फार सोयीचा. छातीत जळजळलं? पोटातला गॅस. दम लागला? केमिकल कंपनीने सोडलेला गॅस. वास यायचाही कधी कधी, खोटं कशाला बोलू? पण तू सगळंच त्याच्या नावावर खपवलंस. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तर थोडे दिवस नवे बूट घालून मिरवलास. मग नाक्यापर्यंत जाताना दम लागायला लागला, तसा म्हणालास, "भायेर हवा खराब हाय, घरात बसलेला बरा." बूट कॉटखाली गेले. तो दम हवेचा नव्हता रे. तुला एकदाही शंका आली नाही?

आणि तुझं मीठ! आत्या सातपाटीहून सुके बोंबील आणायची. वहिनीने जरा हात आखडता घेतला की तू ताट सरकवायचास. "कोळ्याच्या पोराला मीठ बाधतं काय गो?" आम्ही सगळेच हसायचो. बरं वाटलं की रक्तदाबाची गोळी राहून जायची. तंबाखू मात्र कधी राहिली नाही. तू होतास तोवर तुझा राग धरता यायचा नाही. आता येतो.

त्या शेवटच्या दिवशीही तू "गॅस सोडला वाटतं" म्हणत खिडकी लावून पंख्याखाली बसलास. तुझ्या शब्दावर विसंबून वहिनीने बाकीच्या खिडक्याही लावल्या. बंद घरात, तिच्यासमोर तू गेलास. त्यानंतर तिने ती खिडकी कधी लावू दिली नाही. पावसाचं पाणी आत येतं, ती पुसत बसते.

म्हणून माझा हात कडीवर दिसला तशी ती धावली. खिडकी सताड उघडून म्हणाली, "दोरीवरचे कपडे बघा, भावजी. वारा इथून कंपनीकडं चाललाय. गॅस नाय हा. उठा, दवाखान्यात चला."

हृदयाची एक रक्तवाहिनी बंद होत आली होती, ती उघडली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. वहिनी बाहेरच्या बाकावर बसून खूप रडली. तुझ्यासाठी की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

आता डॉक्टरांनी सांगितलं तसं रोज चालतो. गोळी चुकवत नाही, तंबाखूची डबी फेकली, जेवण अळणी लागतं तरी गप्प जेवतो. चालताना मात्र मागून कुणीतरी धापा टाकत येतंय असं वाटतं. वळून बघायचा धीर होत नाही. मी नुसता पाय हळू टाकतो, तुला जमेल इतका हळू.

काल चालून आलो तर तुमची खिडकी बंद. कडीसुद्धा घातलेली. वहिनी म्हणाली, "मी नाय लावली." मीही लावली नव्हती, आणि घरात तिसरं कुणी नव्हतं. तू होतास का, दादा? तुला अजून तो गॅसच वाटतो का?

एक शब्द देतो. यापुढे छातीत काही झालं तर मी छातीच म्हणेन, वहिनीला आतपर्यंत ऐकू जाईल असं म्हणेन. आणि ती खिडकी तू कितीदाही लाव. मी उघडीन.

तुझा धाकटा,
बाळू